कूलरच्या खिडकीतली बकरी

यंदा कूलरचं बटन मी आधी दाबलं आणि तो झटकायचा राहिला हे नंतर आठवलं. होळी नुकतीच झाली होती. जिन्याखाली आठ-नऊ महिने झोपलेला कूलर मी ओढत काढला, समोरच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून लावला, नवं गवत भरलं, टाकीत नळी सोडली, पंप चालतो का ते कान लावून ऐकलं. इतकं सगळं शहाण्यासारखं केल्यावर पंख्याच्या पोटातली वर्षभराची धूळ तेवढी विसरलो. आत माझी बायको रंजना एका नव्या बाईंना आपला बालवर्ग दाखवत होती. मुलाचं नाव घालावं की नाही या विचारात त्या बाई ऐन खिडकीसमोर उभ्या होत्या. वऱ्हाडातल्या कूलरचा पहिला झोत ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांनी पिठाच्या गिरणीला शिंक आली असं समजावं.

धूळ जरा बसल्यावर मी खिडकीतून डोकावून विचारलं, "गार लागते ना?"

रंजना त्या बाईंना म्हणाली, "हे आमचे मिस्टर. बाकी वर्गात सगळं नीट हाय."

बाई पदराने तोंड पुसत हसल्या. त्यांच्या चिरंजीवांना तर हा प्रकार इतका आवडला की ते "पुन्ना, पुन्ना" करत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नाव घातलं गेलं. मला ओलं फडकं मिळालं.

मग मी भिंत पुसायला बसलो. पुसता पुसता धुळीखालून आधी एक फांदी निघाली, मग एक साळुंकी, मग पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके. आमच्या समोरच्या खोलीच्या भिंतीवर निंबाचं झाड आहे. छापलेलं, व्हिनाइलचं, फरशीपासून छतापर्यंत. आता त्याच्या कडा कुठे कुठे उचलल्या आहेत, खालचं खोड लेकरांच्या हातांनी चकचकीत झालं आहे, आणि दोन पट्ट्यांच्या जोडावर एक फांदी बोटभर खाली घसरलेली आहे. ती फांदी माझ्यामुळे घसरली. पण नवं गवत पहिल्यांदा भिजलं की जो वास सुटतो, तो नाकात गेला की मला हे दोष दिसत नाहीत. मला तो उन्हाळा दिसतो, ज्या उन्हाळ्यात हे झाड आमच्या घरात आलं.

उन्हाळा आला की मला आनंद होतो, हे मी अमरावतीत चारचौघांत बोलत नाही. लोक डोक्याला दुपट्टा बांधून, एक डोळा उघडा ठेवून फिरत असतात. त्यांच्यासमोर असं बोलणं बरं नव्हे. पण खरंच होतो. डांबरावर चप्पल चिकटते, नळाचं पाणी चहाला थेट चालेल इतकं तापलेलं असतं, दुपारी रस्ते असे ओस पडतात की कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही, आणि मी मात्र गॅदरिंगच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखा घरात येरझारा घालत असतो.

त्या वर्षी रंजना ज्या बालवाडीत शिकवायची ती बंद पडली. वीसेक वर्षं तिने तिथे लेकरांची नाकं पुसली, त्यांना रंग शिकवले, त्यांच्या डब्यातले सांडलेले पोहे गोळा केले. मग एक दिवस शाळेच्या जागेवर दुकानांचे गाळे उभे राहणार असं कळलं. आमच्या वस्तीच्या टोकाला तेव्हाच एक चकचकीत प्ले स्कूल निघालं होतं. गार काचा, भिंतीभर कार्टून, दारात फुगवलेला हत्ती. त्यांनी रंजनाला बोलावलं, पण शिकवायला नाही. लेकरांना बाथरूमला नेणं-आणणं, असं काम होतं. तिने घरी येऊन पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "मी आपल्याच समोरच्या खोलीत वर्ग काढतो. पाच लेकरं आली तरी काढतो. नाईच आली, तर जाईन मंग त्यांच्या इथं."

वऱ्हाडातल्या बायका बोलताना 'काढतो, जातो' म्हणतात, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. मला त्या दिवशी ते फार बरोबर वाटलं. शाळा सुरू व्हायला जूनची अखेर होती. मे महिन्यातल्या एका रविवारी वस्तीतल्या आयांना खोली पाहायला बोलवायचं ठरलं. खोलीत होता एक दिवाण, एक टीव्ही आणि लग्नात मिळालेलं काचेचं कपाट. ते सगळं आत नेल्यावर उरली फक्त भिंत. पांढरी, लांबलचक, सरकारी दवाखान्यासारखी.

"भिंतीचं मी बघतो," मी म्हणालो. घरातल्या कामांत कोणी न सांगता मी घेतलेली जबाबदारी ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे, म्हणून रंजनाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

माझा भरवसा होता तो माझ्या मेहुण्यावर. रंजनाचा धाकटा भाऊ प्रशांत, अकोल्यात फ्लेक्स छापतो. वाढदिवस, नियुक्ती, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर. त्याने नुकतंच भिंतीला चिकटवायच्या व्हिनाइलचं मशीन घेतलं होतं आणि पहिलं गिऱ्हाईक शोधत होता. आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी वावरं, खिडकीतून भट्टीचा वारा. मूर्तिजापूरला उसाचा रस पिताना मी रंजनाला विचारलं, "कसं चित्र पाहिजे तुले?" ती म्हणाली, "दिसलं की सांगीन."

दुकानात प्रशांतने अल्बम उघडला. धबधबे, धावणारे सात घोडे, समुद्राखालचे मासे, गुलाबाच्या पाकळ्यांत ठेवलेली अंगठी. मी एका चित्रावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. बर्फाचा डोंगर, खाली देवदाराची झाडं, एक लाकडी घर, धुराड्यातून धूर. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. ते पाहूनच माझ्या कपाळावरचा घाम थांबला.

"हेच," मी म्हणालो.

"बर्फ पाहून लेकरं काय शिकतील?" रंजना म्हणाली. "सर्दी?"

प्रशांतने जिराफ दाखवला. "ताई, प्ले स्कूलवाले जिराफच नेतात. जिराफ लय चालते."

"चालू दे," ती म्हणाली. "मले नाई पाह्यजे."

"काहून पण?"

मग तिने जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी लेकरू दारात उभं रायते अन् रडते. आपण कितीही बोललो तरी ते ऐकत नाई. त्याची नजर भिरभिर फिरत रायते. त्याले एखादी वस्तू अशी दिसली ना, का जिचं नाव त्याले येते, तर ते नाव घेते. बास, नाव घेतलं का रडणं थांबलं. जिराफाचं नाव कोणाले येते?"

दुकानात पंखा फिरत होता. प्रशांतने अल्बम मिटला. "मंग ताई, तुले पाह्यजे काय?"

"निंब," ती म्हणाली. "काकाजीच्या वावरातला."

काकाजी म्हणजे तिचे सख्खे काका, पातूरच्या अलीकडे त्यांचं वावर. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं तिथे पोचलो. मे महिन्यात वावरात हिरवं म्हणून काही नसतं. ढेकळं, बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा रचलेला ढीग, लांब कुठेतरी तापून थरथरणारी हवा. आणि मधोमध तो निंब. सगळीकडचं हिरवं जणू त्यानेच आवरून आपल्याजवळ ठेवलं होतं. बुंध्याभोवती दगडी ओटा, ओट्यावर माठ, फांदीवर साळुंक्यांचं भांडण. रंजना चप्पल काढून त्या सावलीत गेली आणि वर पाहत गोल फिरली. पन्नाशीला आलेली बाई. मी तिला तशी फिरताना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं असावं.

काकाजी म्हणाले, "निंब भितीले चिकटवाचा? कायले? अंगणात लावा ना एक."

"लावला हाय काकाजी," रंजना म्हणाली. "मोठा होईपर्यंत लेकरं कॉलेजात जातील."

झाड एका फोटोत मावत नव्हतं. प्रशांत मागे मागे सरकत तुरीच्या भुशात, कुटारात, बसला, तरी मावेना. शेवटी त्याने तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढायचं ठरवलं. मग रंजनाला ओट्यावर बकरी पाहिजे झाली. काकाजींची बकरी ओट्यावर चढायला तयार, थांबायला तयार नाही. तिला धरण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दोर धरला की बकरी माझ्याकडे तोंड करायची, प्रशांत ओरडायचा, "भाऊजी, तिले इकडे पाहू द्या," आणि काकाजी सावलीत बसून म्हणायचे, "जवाईबापू, तुमी हलू नका, ते तुमाले घाबरून राह्यली." अखेर मी ओट्यामागे बसलो आणि नुसता हात वर ठेवून दोर धरला. बकरी एकदाची शांत उभी राहिली, एखाद्या पुढाऱ्यासारखी मान उंच करून.

चार दिवसांनी प्रशांतने मोबाइलवर नमुना पाठवला. झाड अप्रतिम जोडलं होतं. पण खालच्या कोपऱ्यात सोनेरी गोलात माझा फोटो होता, हात जोडलेला, आणि शेजारी लिहिलं होतं, 'शुभेच्छुक'. मी फोन केला. तो म्हणाला, "सॉरी भाऊजी, सवयीनं हात तसाच वयला." गोल काढला. दुसऱ्या नमुन्यात बकरीच्या दोराला एक हात दिसत होता. मनगटावर माझं घड्याळ, पुढे मी कुठेच नाही. "बाकीचे तुमी खोडले मी," प्रशांत म्हणाला, "पण दोर हवेत कसा ठेवू?" त्याचं बरोबर होतं.

आता राहिलं मोजमाप. माझी नोकरी जमिनीच्या मोजणीचे कागद सांभाळण्यात गेली आहे. लोकांचे धुरे, म्हणजे वावरांच्या हद्दी, कुठून कुठे जातात हे मी नकाशावर बोट न ठेवता सांगतो. तेव्हा एक भिंत मोजायला मला किती वेळ. मी टेप लावला, लांबी, उंची, दोनदा. प्रशांतला फोनवर सांगितलं.

"भितीत काई खिडकी-बिडकी?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "कूलर आहे. पण तो जूनमध्ये निघतो."

"मंग काई हरकत नाई," तो म्हणाला.

या संभाषणावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. दोन मोठी माणसं, दोघंही संसारी, त्यांपैकी एक मोजणीच्या खात्यातला. कूलर कायमचा नाही, म्हणून तो मी मापातून वगळला. त्यामागे काय असतं हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. आमच्याकडे मार्च ते जून खिडकी नसतेच, कूलर असतो. उरलेले महिने ती खिडकी तेव्हा आम्ही पडदा ओढून बंद ठेवायचो, रस्त्याची धूळ येते म्हणून. सवयीने तिथे भिंतच झाली होती.

शनिवारी प्रशांत गुंडाळ्या घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आया येणार होत्या. भिंत आदल्या आठवड्यातच घासून, प्राइमर मारून ठेवली होती. त्याच्याकडे रबरी पट्टी, कटर, साबणाच्या पाण्याचा फवारा होता आणि भिंतीला व्हिनाइल लावण्याचा अनुभव अजिबात नव्हता. आतापर्यंत त्याने जे लावलं ते बांबूला सुतळीने बांधून.

"कूलर बंद करा भाऊजी," तो म्हणाला.

"वा, पाहुणा घरात आणि कूलर बंद? तुझी ताई काय म्हणेल?" ऐन मे महिन्यात घरी आलेल्या माणसासमोर कूलर बंद करणं म्हणजे त्याला 'आता निघा' म्हणण्यासारखं. ते माझ्याच्याने होईना. उलट मी एक नंबर वाढवला. प्रशांतने पहिल्या पट्ट्याचा मागचा कागद वरून हातभर सोलला, आणि झोताने तो पट्टा शिडासारखा फुगला, उलटला आणि प्रशांतला छातीपासून कानापर्यंत चिकटला. एक साळुंकी त्याच्या गालावर बसली होती.

रंजना स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं, कूलर बंद केला आणि आम्हा दोघांना पन्ह्याचे ग्लास दिले.

त्यानंतर मात्र जमू लागलं. वरून थोडं सोलायचं, पाण्याचा हलका फवारा, मधून कडेकडे पट्टी ओढायची, फुगा राहिला तर सुई टोचून हवा काढायची. घामाचे थेंब व्हिनाइलवर पडायचे आणि रंजना ते टिपायची. दुसऱ्या पट्ट्याच्या वेळी मी शिडी धरायच्या ऐवजी वर पाहत राहिलो, ती हलली आणि फांदी बोटभर घसरली. तिघांनीही ते पाहिलं. पण फांदी फांदीला मिळत गेली, पान पानाला, आणि खोलीतला उजेड हिरवा होऊ लागला. खोटं वाटेल, पण मला खरंच जरा गार वाटायला लागलं होतं.

तिसरा पट्टा कूलरपाशी येऊन थांबला.

"काढा आता कूलर," प्रशांत म्हणाला.

मी बाहेर जाऊन कूलर मागे ओढला. आत आलो तेव्हा मेहुणा पट्टा हातात धरून स्तब्ध उभा होता. समोर चार गज, दोन झडपा, त्यापलीकडे शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर आणि रखरखीत आभाळ. गरम वारा भसकन आत आला.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "हे तर खिडकी हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. ती होती.

नेमकं तिथेच, त्या चौकोनात, ओट्यावर बकरी उभी राहायची होती. बकरी मोठ्या माणसाच्या नजरेला नीट दिसावी म्हणून मीच ती उंच घ्यायला लावली होती. पुन्हा छापायचं तर अकोल्याला जाऊन येईपर्यंत रविवार संपला असता. प्रशांत म्हणाला, "खिडकीवरूनच चिकटवून देऊ. प्लायवूड ठोकू वरून." मलाही ते पटलं. पण मग त्या खोलीत कूलरही नाही आणि हवाही नाही. मी रंजनाकडे पाहिलं. ती फरशीवर बसली होती. पाच लेकरं, मी मनात म्हटलं, आणि उद्याच्या आयांना आपण दाखवणार काय तर डोकं उडालेली बकरी. त्या प्ले स्कूलच्या दारातला फुगवलेला हत्ती मला डोळ्यांसमोर डुलताना दिसू लागला.

रंजना उठली. "कटर दे," ती भावाला म्हणाली. खिडकीच्या चौकटीवरचा तुकडा अजून सोललेला नव्हता, मागचा कागद तसाच होता. तिने पट्टा ताणून धरायला लावला आणि कापड बेततात तशी सरळ, न थांबता कापत गेली. ओटा, बकरी, दोर, माझा हात, सगळं एका चौकोनात तिच्या हातात आलं. मग तिने त्या चौकोनातून कात्रीने बकरी वेगळी केली, कानांच्या कडेने, शिंगांच्या मधून, दोरासकट आणि हातासकट. मी म्हणालो, "आता हिला कुठे लावते?"

ती दाराजवळच्या आडव्या भिंतीपाशी गेली आणि खाली बसली. पूर्ण खाली. तिचे डोळे माझ्या मांडीच्या उंचीला आले होते. तिथून तिने दाराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "इथं," ती म्हणाली. "तुमी दोघं चित्र आयांसाठी बनवून राह्यले होते."

बकरी फरशीपासून वीतभर उंचीवर चिकटली. प्रशांतने पट्टी फिरवली. एकही फुगा आला नाही.

रविवारी आया आल्या. खोली पाहिली, निंबाकडे पाहून "अय्या, गावासारखं" म्हणाल्या, घसरलेल्या फांदीकडे एकीने जरा जास्त वेळ पाहिलं. पण नाव घालू असं कोणी म्हणेना. प्ले स्कूलचंही पाहतो, कळवतो, असं चाललं होतं. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती, स्वरा नावाची, आणि ती दाराच्या आत यायलाच तयार नव्हती. आईच्या ड्रेसमध्ये तोंड खुपसून असा सूर लावला होता की बाकीच्या आया निघायच्या बेतात आल्या. मी यजमान म्हणून पुढे झालो, वाकलो, हात पुढे केला. "ये बेटा, ये." तिने माझा हात पाहिला आणि आवाज आणखी चढवला. रंजनाने मला खांद्याला धरून बाजूला केलं. ती स्वतः नुसती कडेला उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

मग सूर तुटला. पोरगी आईच्या ड्रेसमधून एका डोळ्याने बाहेर पाहत होती. तिच्या अगदी समोर, तिच्याएवढीच उंच, बकरी उभी होती.

"बकली," ती म्हणाली.

हुंदका अर्धवट राहिला होता, तो एकदा येऊन गेला. ती चालत पुढे गेली, बकरीच्या नाकावर बोट ठेवलं, दोरावरून बोट सरकवत नेलं आणि शेवटी घड्याळ घातलेल्या त्या छापील हातात आपला हात देऊन उभी राहिली. माझा खरा हात तिथेच, दोन फुटांवर, रिकामा लोंबत होता. पण त्या क्षणी मी इतका खूश होतो की मला त्याचा मुळीच राग आला नाही. स्वराच्या आईने तिथल्या तिथे नाव घातलं. मग दुसरीने घातलं. संध्याकाळपर्यंत सात झाली. प्रशांत अकोल्याला पोचून फोनवर म्हणाला, "ताई, बकरीचा अल्बमच काढतो मी आता," आणि खरंच त्याने पुढे बकरी, बैलांचं खासर, रांजण असे तुकडे वेगळे छापून विकायला सुरुवात केली. जिराफ अजूनही जास्त जातो, असं तो प्रामाणिकपणे सांगतो.

खिडकीचा चौकोन आम्ही तसाच ठेवला. उन्हाळ्यात झाडाच्या पोटात कूलर असतो आणि लेकरांना वाटतं की गार हवा निंबच सोडतो. पावसाळ्यात तिथून खरं आभाळ दिसतं. माझ्या हाताबद्दल लेकरं दरवर्षी विचारतात. एकाने मला मागच्या वर्षी सांगितलं की तो हात बकरीवाल्या बाबाचा आहे आणि तो भिंतीच्या आत राहतो. मी हो म्हटलं. भिंतीच्या आत राहायला मला फारशी अडचण नाही.

पण मला पुन्हा पुन्हा आठवतो तो वर्गाचा पहिला दिवस. जून संपत आला होता. सकाळी लेकरं आली, निंबाखाली सतरंजीवर बसली, गाणी झाली, साळुंक्या मोजून झाल्या, डबे झाले. आया न्यायला आल्या आणि एकही लेकरू उठेना. स्वरा दोर धरून उभी होती, एक पठ्ठ्या खोडाला मिठी मारून बसला होता, आया दारात हाका मारून थकल्या. एकेकाला उचलून, समजावून, लालूच दाखवून पाठवता पाठवता दुपार झाली. मी ऑफिसमधून जेवायला घरी आलो तेव्हा रंजना एकटीच त्या सतरंजीवर पाय लांब करून बसली होती, केसांत खडूची धूळ, पदराला कोणाच्या तरी डब्यातला गूळ. मी शेजारी बसलो. कसं झालं, असं विचारायची मला हिंमत होत नव्हती.

तीच म्हणाली, "उद्या बाजारातून एक घंटा आणून द्या. चांगली पितळी, खणखणीत. शाळा सुटली हे कोणाले तरी सांगाव लागते, नाई तर लेकरं घरी जात नाई." मग म्हणाली, "तुमी फक्त आणा. वाजवीन मी."